मनगटाभोवतीचे वेढे

मित्रांनो, दारामागच्या खुंटीवर लोंबकळणारा हा जुना चामडी पट्टा म्हणजे मी. कुत्र्याला फिरायला नेतात ना, तो. माझ्या एका टोकाला पितळी कडी आहे आणि दुसऱ्या टोकाला धरायला मूठ. खोगिरे शिवणाऱ्या कारागिराने मला शिवले आणि ओढून पाहत तो म्हणाला, "हा काही दगा देणार नाही." तेव्हापासून एकच धास्ती माझ्या पाठीस लागली, आपण तुटलो तर?

मला घेतले बेकरीवाल्या मावशींनी. त्यांची आधीची कुत्री भर रस्त्यात हातातून निसटली होती, ती परत आलीच नाही. म्हणून ढोल्या हा नवा कुत्रा घरात आला तेव्हापासून मावशी मला मनगटाभोवती वेढे देऊन धरू लागल्या. पिठाची पोती उचलणारे मनगट ते! शेजारी म्हणत, "मावशींच्या हातून कुत्रा सुटणं शक्य नाही." मीही फुशारून जाई.

एका रविवारी त्यांची भाची आली. ती जनावरांच्या डॉक्टरांकडे कामाला आहे. आम्ही सगळे टेकडीवर फिरायला निघालो. खाली ओढा, उतारावर पिवळी फुले, अंगाला गार वारा. ढोल्या प्रत्येक झुडपाची विचारपूस करत चालला होता. भाची कुंपणाचे फाटक लावायला मागे थांबली. पुढच्या वळणावर गवतात एक वासरू निजले होते आणि त्याची आई आमच्याकडेच पाहत होती.

ढोल्या भुंकला. गाईने मान खाली घातली आणि ती धावून आली.

"मावशी, पट्टा सोड!" भाची ओरडली. "ती कुत्र्यावर चिडलीय. तो पळेल, तू तुडवली जाशील!"

"नाही सोडणार! हा पण हरवला तर?"

ढोल्या जीव खाऊन ओढत होता. मी मनगटात रुतत चाललो होतो. जन्मभर तुटायला भ्यालेला मी आता मनातल्या मनात टाहो फोडत होतो, तुटू दे मला! पण कारागिराने काम चोख केले होते. एकही टाका उसवला नाही.

तेवढ्यात घाबरलेला ढोल्या उलटा फिरून मावशींच्या पायांत शिरला आणि मी सैल पडलो. मावशींनी घाईने मला सोडवायला घेतले. एकेक वेढा निघाला.

"पळ रे बाळा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला सोडून दिले.

गाय आमच्या मागे लागली. ढोल्या उतारावरून सुसाट निघाला आणि मी दगडांवर आपटत त्याच्या मागे. ओढ्यापाशी गाय थांबली, वासराकडे परतली. ढोल्या मात्र थांबेना. आजूबाजूला ओळखीचे काहीच नव्हते. मावशींचे घर आपल्याला पुन्हा दिसणार नाही, असे वाटून माझा धीर खचला.

मग लांबून मावशींची रडवेली हाक आली. ढोल्याने कान टवकारले आणि तो तिकडे धावत सुटला. मावशी फाटकापाशी गवतातच बसल्या होत्या. त्याला कुशीत घेऊन त्या एवढेच म्हणत राहिल्या, "आपण होऊन आलास रे!"

मित्रांनो, मला अधूनमधून तेल लावा, पावसात टाकू नका, फिरायला नेताना मुठीत घट्ट धरा. पण मनगटाला कधी बांधू नका. गाय दिसली की मावशींचा हात अजून कापतो. मलाही ते कापरे कळते. तरीही त्या मला वेढा देत नाहीत.