गाडी क्षितिजाच्या नावावर

गाडी दरवर्षी जुनी होत चालली होती आणि विम्याचा हप्ता मात्र दरवर्षी चढत चालला होता. मनमोहन विजयकरांना हे काही पटेना. उभा जन्म बंदराच्या कचेरीत हिशेब तपासण्यात गेलेला माणूस तो. नूतनीकरणाचं पत्र हातात घेऊन ते प्रभादेवीच्या आपल्या घराच्या गॅलरीत आले आणि खाली बघत राहिले. खाली बदामाच्या झाडाखाली मोरपंखी रंगाची ती लहानशी गाडी उभी होती. टपावर वाळकी पानं साठलेली, मागच्या बंपरला कुठल्याशा टॅक्सीने दिलेला पोचा.

गाडी क्षितिजाची, त्यांच्या एकुलत्या एका मुलीची. ती सिव्हिल इंजिनियर होती. आज पनवेलला तर उद्या ठाण्याला, असं तिचं काम चालायचं. म्हणून नोकरी लागल्यावर पहिल्यांदा काय केलं, तर ही गाडी घेतली. आणि ती घेतल्यावर बापाला चालवायला शिकवली! विजयकर तेव्हा पंचावन्न उलटून गेलेले. वरळीला समुद्राकाठच्या रस्त्यावर, सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आधी, बापलेक जायचे. "बाबा, स्टिअरिंग सोडा जरा, ते पळून नाही जात," असं ती म्हणायची आणि स्वतःच खो खो हसत सुटायची.

तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत ती गेली. पस्तिशीची होती. लग्न केलं नव्हतं.

त्यानंतरचे काही महिने विजयकरांनी एकामागून एक तिची खाती बंद केली. बँक, तिचं ऑफिस, प्रॉव्हिडंट फंड. प्रत्येक ठिकाणी मृत्यूच्या दाखल्याची प्रत पुढे करायची आणि समोरच्या माणसाचं वाचून होईपर्यंत टेबलाच्या कडेकडे बघत बसायचं. गाडीपाशी येऊन मात्र ते थांबले. ती तिच्याच नावावर राहिली. त्यांचा विमा एजंट रामदास जुना माणूस. त्याला सगळं ठाऊक होतं, पण त्याने कधी विषय काढला नाही. दरवर्षी चेक घेऊन जायचा आणि क्षितिजा मनमोहन विजयकर या नावाची पॉलिसी आणून द्यायचा. यंदा रामदास काम आवरून कायमचा गावी गेला आणि विजयकर अडचणीत आले.

"काका, एवढ्या जुन्या गाडीला कोण एवढे पैसे भरतं?" पुतण्या अभिषेक फोनवर म्हणाला. "दादरला वैशाली म्हणून आहे, माझ्या ओळखीची. पाच-सहा कंपन्यांचे रेट काढून दाखवते. जाऊन तर या."

"जाऊन या खरंच," त्यांची बायको नलूताईही म्हणाल्या. त्यांचा गुडघा वर्षभर दुखत होता, परळला व्यायामाच्या उपचारासाठी जावं लागे, आणि टॅक्सीवाले जवळचं भाडं घेत नसत. गाडी होती म्हणून त्यांचं जाणं होत होतं.

वैशालीचं ऑफिस रानडे रोडच्या एका गल्लीत, कपड्यांच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर होतं. तिने विजयकरांना पंख्याखालची खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांच्याकडचे कागद घेऊन ती संगणकावर भराभर टाइप करू लागली.

"काका, तुमचा जुना एजंट तुम्हाला नको ती दोन-तीन ॲड-ऑन लावत होता बघा. इंजिनचं वेगळं कव्हर, चावी हरवली तर त्याचं कव्हर. या गाडीला काय करायचंय? ते काढलं की हप्ता इथेच खाली येतो. नुसता थर्ड पार्टी घेतलात तर अजून खाली. पण त्यात समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, तुमच्या गाडीचं नाही. थांबा, आधी दुसऱ्या कंपन्या बघू." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही बघा. इथे बरंच स्वस्त पडतंय. करून टाकायचं?"

"करा," विजयकर म्हणाले. त्यांना बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी एखादं काम सरळ होत होतं.

"क्षितिजा कोण, मुलगी का?"

"हो."

"इथेच असते?"

"बाहेर असते," विजयकर म्हणाले. शब्द तोंडातून कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही.

"हरकत नाही. कंपनी नवीन आहे ना, म्हणून मालकाचं केवायसी लागतं. मालकाच्या नंबरवर ओटीपी जातो. जुन्या पॉलिसीवरचाच नंबर टाकलाय मी." तिने एक कळ दाबली. "गेला बघा. तिला फोन करून आकडे विचारून घ्या ना पटकन. दहा मिनिटंच चालतो तो."

विजयकर उठले. इथे आवाज नीट येत नाही असं काहीतरी पुटपुटत ते लाकडी जिना उतरून खाली आले. दुकानाच्या पायरीशी माणसांची ये-जा चालली होती. वर जाऊन सांगायचं, मुलगी फोन उचलत नाही, मग येतो. एवढं म्हटलं की सुटका. पण फोन हातात होता. खोटं बोलायचं तर निदान फोन तरी लावावा, असं त्यांच्या सरळ मनाला वाटलं असेल. किंवा नुसतं नाव बघावंसं वाटलं असेल. नाव अजून यादीत होतं. तीन वर्षांत त्यांनी ते एकदाही दाबलं नव्हतं. नंबर बंद झाला असेल, नाहीतर कंपनीने कुणा परक्याला दिला असेल, ही भीती होती. आज त्यांनी दाबलं.

रिंग वाजू लागली.

 ते फोन ठेवणार तोच पलीकडून कुणीतरी उचलला. काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. मग एक आवाज आला, अगदी दबका, घाबरलेला.

"हॅलो?"

आवाज नलूताईंचा होता.

"नलू?"

"तुम्ही?" पलीकडून नलूताई म्हणाल्या. "अहो, या नंबरवर का लावलात तुम्ही? फोनवर 'बाबा' असं आलं हो. तिच्या फोनवर 'बाबा' आलं. मला वाटलं..."

काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. विजयकर दुकानाच्या पायरीवर खाली बसले. गाऊन बघायला आत जाणाऱ्या बायकांना वाट देत त्यांनी पाय आखडून घेतले.

"हा फोन तुझ्याकडे आहे?"

"माझ्या साड्यांच्या कपाटात असतो."

"चालू?"

"रिचार्ज मारते मी. कोपऱ्यावरच्या दुकानात. तुम्ही फिरायला गेलात की चार्जिंगला लावते." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही रागवाल म्हणून नाही सांगितलं. तुम्ही एकेक करून सगळं बंद करत होतात. हेही बंद कराल असं वाटलं. अजून कुणाकुणाचे फोन येतात. कर्ज हवंय का म्हणून विचारतात, क्षितिजा मॅडम आहेत का म्हणून. मी सांगते, बाहेर गेलीय."

विजयकरांनी डोळे मिटून घेतले. आत्ता जिन्याच्या वर त्यांनीही तेच सांगितलं होतं. एका घरात राहून, एका ताटलीतली भाकरी वाटून खाणारी दोन माणसं, आणि तीन वर्षं दोघंही आपापल्या जागी तेच एक खोटं जपत होती.

"त्यावर आत्ता एक मेसेज आला असेल," ते म्हणाले. "सहा आकडी नंबर असेल."

"आलाय. कसला आहे?"

"विम्याचा. मालकिणीनेच सांगायचा असतो तो. ती हो म्हणतेय असा त्याचा अर्थ."

पलीकडे कपाटाचं दार वाजलं. मग नलूताईंनी चष्मा शोधला असावा. त्यांनी आकडे वाचायला सुरुवात केली. तीन आकडे वाचले आणि त्यांचा आवाज फुटला.

"राहू दे," विजयकर म्हणाले. "नको वाचूस. मी येतो घरी."

ते परत वर गेले. वैशाली कळफलकावर बोटं ठेवून तयार होती. "मिळाला?"

"मुलगी बाहेर नाही," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "वारली ती. तीन वर्षं झाली. मी मघाशी तुम्हाला खोटं सांगितलं."

एवढ्या दिवसांत हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. प्रत्येक कचेरीत कागद पुढे केला होता, तोंड उघडलं नव्हतं. वैशालीने हात मागे घेतला. तिने "अरेरे" म्हटलं नाही, कसं झालं ते विचारलं नाही. उठून तिने पंखा एका आकड्याने वाढवला आणि परत येऊन बसली.

"काका, बसा. मग या तीन वर्षांत गाडी कोण चालवत होतं?"

"मी. बायकोला परळला नेतो."

"तिच्या नावाच्या पॉलिसीवर?"

"हो."

"मग काही झालं असतं ना, तर कंपनीने हात वर केले असते. मालकच हयात नाही म्हटल्यावर पॉलिसीचा वाद झाला असता. कुणाला लागलं असतं, काकूंना लागलं असतं, तर सगळं तुमच्या अंगावर." तिचा स्वर रागाचा नव्हता. "एवढी वर्षं हप्ते भरलेत, आणि खरं तर उघड्यावरच फिरत होतात तुम्ही."

 हिशेब तपासणाऱ्या माणसाला हे कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं.

मग तिने सगळं समजावून सांगितलं. आधी ताडदेवच्या आरटीओत जाऊन गाडी वारसाच्या नावावर करायची. तोवर गाडी काढायची नाही. नवं आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आलं की नव्या नावाने पॉलिसी. "आणि एक सांगू? तिने कधी क्लेम घेतलेला दिसत नाही. एकही नाही. त्यामुळे नो क्लेम बोनसची सगळ्यात वरची सूट साठलीय तिच्या नावावर. एरवी गाडी दुसऱ्याला गेली तरी ती सूट त्याला मिळत नाही. पण मालक गेला तर ती वारसाला मिळते. तुम्हाला मिळेल. तेव्हा पूर्ण विमाच घ्या. यापेक्षा स्वस्त मी शोधूनही देऊ शकणार नाही."

"म्हणजे ती सांभाळून चालवायची, त्याचं..."

"हो काका. त्याचंच."

विजयकरांनी मान हलवली. त्यांच्या घराण्यात गिरगावातली जागा आजोबांकडून वडिलांकडे आली होती, वडिलांकडून त्यांच्याकडे. देणं नेहमी वरून खाली यायचं. मुलीकडून आईबापाकडे काही यावं, याची त्यांना सवय नव्हती. ते कागद गोळा करू लागले, पण कागद जुळेनात. वैशालीने ते त्यांच्या हातून घेतले, नीट जुळवले आणि पिशवीत घालून दिले.

घरी नलूताई दाराशीच बसून होत्या. फोन मांडीवर होता. तेही शेजारी टेकले. मग विजयकरांनी विचारलं, "तिचे फोटो असतील ना त्यात?" आणि नलूताईंनी त्यांना कुलूप उघडायचं चिन्ह बोटाने काढून दाखवलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी दोघं तिथेच, उंबऱ्याशी, डोक्याला डोकं लावून बसली होती. साइटवरचे सिमेंटचे खांब, एका झोपलेल्या कुत्र्याचे सात-आठ फोटो, गॅलरीत पेपर वाचणारे बाबा. त्यांना कळूही न देता काढलेला.

ताडदेवला ती दोघं टॅक्सीने गेली. एका वारसाने दुसऱ्याच्या बाजूने हरकत नसल्याचं लिहून द्यायचं होतं. नलूताईंनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, "मग आता तिचं नाव कुठे राहील हो?"

विजयकरांनी विचार करून पाहिला. रेशनकार्डावरून नाव कमी झालं होतं. मतदारयादीतूनही झालं होतं.

"कागदावर कुठे नाही," ते म्हणाले.

नलूताईंनी सही केली. खिडकीतल्या माणसाने शिक्का मारून पुढच्या नंबराला हाक दिली.

नवं आरसी यायला बरेच आठवडे गेले. बदामाच्या झाडाखाली गाडी धुळीने भरली. मधल्या काळात नलूताईंच्या परळच्या खेपा चुकल्या आणि गुडघा पुन्हा सुजला. अखेर आरसी आलं, तेव्हा दोघं मिळून रानडे रोडला गेली. नलूताई कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या. वैशालीने या खेपेला ओटीपी विजयकरांच्या फोनवर पाठवला, त्यांनी तो वाचून दाखवला. हप्ता पत्रातल्या आकड्याच्या निम्म्यावर आला होता.

"झालंच. आता फक्त नॉमिनी," वैशाली म्हणाली. "गाडी चालवताना तुम्हाला काही झालं तर पैसे कुणाला द्यायचे, त्याचं नाव."

विजयकरांच्या ओठांवर नाव आलं. क्षितिजा झाल्यावर केलेल्या पहिल्या ठेवीपासून या रकान्यात त्यांनी तिचंच नाव लिहिलं होतं, आणि हाताला तेवढंच ठाऊक होतं. ते क्षणभर अडखळले. नलूताईंनी ते पाहिलं.

"माझं घाला," त्या म्हणाल्या. "नलिनी मनमोहन विजयकर."

वैशालीने ते टाइप केलं.

"आणि मी नसले तर?" नलूताईंनी विचारलं. "माझ्यानंतर कोण, ते नाही विचारत?"

वैशालीने पडद्यावरून नजर काढली नाही. "एकच नाव लागतं, काकू," ती हळूच म्हणाली.

"बरं," नलूताई म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने चष्मा पुसायला घेतला.