मिरानच्या खोलीतला आरसा

हेवॉनला रंगाची जाण होती. कोरियातल्या सुवन शहरात एका पडद्यांच्या दुकानात ती कामाला होती आणि गिऱ्हाईक नुसतं घराचं वर्णन करायला लागलं की तिच्या डोळ्यांपुढे ती खोली उभी राहायची. पांढऱ्याफटक खोलीत एकच केशरी उशी कुठे टाकायची, करड्या भिंतीपुढे हिरव्या काचेची बाटली कशी खुलते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. फोनवर तिचं स्वतःचं पान होतं. सजवलेल्या खोल्यांचे फोटो ती तिथे टाकायची आणि ओळखीपाळखीच्या नसलेल्या बायका खाली लिहायच्या, 'माझ्या घरी कधी येतेस?'

थोरली बहीण मिरान अगदी उलट. ती शाळेत संगीत शिकवायची, मुलांचं गायनपथक बसवायची, आणि कपड्यांपासून पडद्यांपर्यंत सगळं तपकिरी नाहीतर राखाडी. "ऑन्नी, तुझ्या घरात आलं की सूर्य मावळल्यासारखं वाटतं," असं हेवॉन आपल्या ताईला, ऑन्नीला, म्हणायची. मिरान हसून सोडून द्यायची.

पानगळीच्या दिवसांत मिरानच्या छातीत गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, मग औषधाचे डोस सुरू झाले. डोस झाला की अंगात त्राण उरत नसे, म्हणून ती डोंगराकडच्या एका विश्रांतीच्या रुग्णालयात जाऊन राहायची. शाळेत तिनं खांद्याचं दुखणं सांगून रजा काढली होती. खरं काय ते नवऱ्याला, आईला आणि हेवॉनला, एवढ्यांनाच ठाऊक होतं. "बाकी कुणाला सांगायचं नाही हं," असं तिनं तिघांनाही बजावलं होतं. हेवॉननं मान हलवली होती. ती लबाडी नव्हती. तेव्हा तिला खरंच कुणाला सांगायचं नव्हतं.

मिरान दुसऱ्यांदा रुग्णालयात गेली, तेव्हा हेवॉनच्या डोक्यात कल्पना आली. ती मेहुण्यांकडे, ह्योंगबूंकडे, गेली.

"ह्योंगबू, ऑन्नी यायच्या आत मी तिचा तो कोपरा करून टाकते. ड्रेसिंग टेबलाचा. परत आली की तिला जरा प्रसन्न वाटेल."

मिरानचा नवरा देसॉक मवाळ माणूस. त्या दिवसांत तर त्याला कुणी काहीही म्हटलं तरी तो हो म्हणत असे. "कर की, चॉजे," तो मेहुणीला म्हणाला, आणि दाराच्या कुलुपाचा आकडा तिला सांगितला. मग ती बूट घालत असताना मागून म्हणाला, "तो आरसा मात्र... तसाच राहू दे म्हणाली होती बहुतेक. मला नीट आठवत नाही."

"तुम्ही काळजीच करू नका," हेवॉन म्हणाली.

खोलीत गेल्यावर तिला दिसलं की जुन्या टेबलाच्या आरशावर मिराननं गाठोडं बांधायचं राखाडी कापड लावलंय. नुसतं टाकलेलं नव्हतं, चारी कडांनी चिकटपट्टी मारली होती. हेवॉनला वाटलं, धूळ बसू नये म्हणून असेल. खरं तर तिला तेवढंही वाटलं नाही, तिनं पट्टी नखानं उचकटली आणि कापडाची घडी करून बाजूला ठेवली. टेबल आईनं लग्नात दिलेलं होतं, जड, गडद, कोपऱ्यात नक्षी. खणातलं सामान तिनं खोक्यात भरलं. टेबलावर टाकाऊ सामानाची चिठ्ठी चिकटवली, देसॉकच्या मदतीनं ते खाली अंगणात उतरवलं, आणि दुसऱ्या दिवशी पालिकेच्या गाडीनं ते नेलं.

मग ती कामाला लागली. भिंतीवर पिस्त्याच्या रंगाची अर्धी कमान काढली. तिच्यापुढे गोलसर कडांचं पांढरं टेबल, बारीक पायांचं. मोहरीच्या फुलासारखं पिवळं मखमली स्टूल. गर्द निळ्या रंगाचा छोटा ट्रे, त्यात बाटल्या. केशरी शेडचा दिवा. आणि मधोमध मोठा गोल आरसा, ज्याच्या कडेनं उजेडाची रिंग होती. कुणी समोर बसलं की ती आपोआप लागायची. सगळं झाल्यावर हेवॉन दारात उभी राहिली आणि स्वतःवरच खूश झाली. इतकं सुरेख काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

फोटो तिनं त्याच संध्याकाळी टाकले. आधीची खोली आणि नंतरची खोली. खाली लिहिलं, 'माझी ताई कॅन्सरशी झुंजते आहे. उद्या ती घरी येईल. तिच्यासाठी थोडे रंग.' लिहिताना तिला रडू आलं, ते खोटं नव्हतं. पण रडता रडता तिनं ते वाक्य अधिक चांगलं व्हावं म्हणून दोनदा बदललं होतं.

बघता बघता खाली पसंतीचे लाल बदाम जमले. कुणी लिहिलं, 'अशी बहीण सगळ्यांना मिळो.' हेवॉननं ते पुन्हा पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिरान आली. विणलेली टोपी कपाळापर्यंत ओढलेली, तोंडावर मास्क. देसॉक स्वयंपाकघरात भाताची पेज ढवळत होता. हेवॉननं फोन कपाटाच्या फळीवर पुस्तकांना टेकवून चालू करून ठेवला होता. ऑन्नीचा चेहरा कसा उजळतो ते तिला टिपायचं होतं.

"डोळे मिट. आता ये. हं, उघड!"

मिराननं डोळे उघडले. जिना चढली नव्हती, लिफ्टनंच आली होती, तरी तिला धाप लागली होती. बसायला म्हणून ती समोरच्या पिवळ्या स्टुलावर टेकली आणि मास्क खाली ओढला. आरशाची रिंग लागली.

तो उजेड निर्दयी होता. गिऱ्हाइकांच्या गोऱ्या-गोमट्या गालांवर तो छान दिसायचा. इथे त्यात भुवया नसलेला, पापण्या झडलेला, राखेच्या रंगाचा चेहरा दिसला. मिरान त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं टोपी काढली. का काढली ते हेवॉनला कळलं नाही. बहुतेक, एकदा बघायचंच तर सगळं बघून घ्यावं, असं तिला वाटलं असावं.

"अशी झालेय होय मी," ती म्हणाली. "रुग्णालयात मी आरशाकडे पाठ करून दात घासते."

 हेवॉनला एकदम ते कापड आठवलं, त्या चिकटपट्ट्या आठवल्या.

"माझं टेबल कुठाय गं?"

"ते... ऑन्नी, ते जुनं झालं होतं. दिलं."

"कुणाला?"

"गाडीत."

मिराननं मान हलवली. मग तिची नजर फळीवर गेली. "तो फोन चालूय का?"

हेवॉन धावली, फोन उचलला, बंद करताना तिच्या हातून तो निसटला आणि पलंगाखाली गेला. ती गुडघ्यांवर बसून तो शोधत होती, तेव्हा वरून मिरानचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा, पाहुण्यांशी बोलावं तसा.

"छान केलंयस. खूप मेहनत घेतलीस. दमली असशील, पेज खाऊन जा."

यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तरी हेवॉनला चाललं असतं. पेज न खाता ती निघाली. बसमध्ये तिनं तो व्हिडिओ पुसला. बदामांची पोस्ट मात्र राहिली. ती पुसायचं तिच्या मनात आलं होतं. पण लोक काय म्हणतील, असं वाटून तिनं ते उद्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी देसॉकचा फोन आला. तो कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही.

"चॉजे, तू फोटो टाकलेस का कुठे?"

आधीच्या खोलीच्या फोटोत भिंतीवर गायनपथकाची तसबीर दिसत होती, शाळेच्या नावाच्या फलकासकट. कुण्या विद्यार्थ्याच्या आईनं ती ओळखली. तिनं दुसरीला सांगितलं. सकाळपासून मिरानचा फोन थांबत नव्हता. आजाऱ्याला ताकदीसाठी देतात त्या लाल जिनसेंगची खोकी दाराशी येऊन पडली होती.

हेवॉननं पोस्ट पुसली. पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. आईचा, ऑम्माचा, फोन आला तेव्हा तिनं तो उचलला आणि कानापासून लांब धरला, तरी ऐकू येत होतं. "तुला अक्कल आहे का? ती पोर न्हाणीघरात आवाज न करता रडायची, मला कळू नये म्हणून! आणि तू गावभर दवंडी पिटलीस! टेबल टाकलंस ते टाकलंस, बहिणीलाच विकायला बसवलंस दुकानात!"

आई दमेपर्यंत हेवॉननं फोन तसाच धरून ठेवला.

दुपारी ती मिरानच्या घरी गेली. मिरान पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. हेवॉन दारातच जमिनीवर बसली आणि म्हणाली, "ऑन्नी, माझं चुकलं." तिनं रस्त्यात बरंच काही जुळवून आणलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर पडलं.

मिरान वळली नाही. "फोन घे माझा," ती म्हणाली. "आता जो येईल तो तू उचल. मला नाही बोलवत."

हेवॉन त्या पिवळ्या स्टुलावर, आरशाकडे पाठ करून बसली आणि फोन उचलत राहिली. लोक वाईट नव्हते. पण सगळ्यांचा आवाज सारखाच होता, दबका, मऊ, जणू पलीकडचं माणूस आताच गेलंय. एकीनं विचारलं, "केस सगळे गेले का हो?" एकीनं आपल्या मावशीची हकीगत सांगितली, शेवटपर्यंत. एका आईनं विचारलं की गायनपथक आता दुसऱ्या कुणाला देणार का, म्हणजे मुलीला तयारी करायला बरं. हेवॉन प्रत्येकाला म्हणत होती, "ऑन्नी झोपली आहे. निरोप देते." हेच सगळं ऐकावं लागू नये म्हणून मिराननं खांदा दुखतोय म्हटलं होतं, हे एकेका फोनबरोबर तिला कळत गेलं.

मग शाळेतल्या पेक बाईंचा फोन आला. मिरानची तिथली सगळ्यात जवळची मैत्रीण.

"तू धाकटी ना? अगं, खोली काय सुंदर केलीस! माझ्या मुलीनं फोटो दाखवला. मी तर रडलेच. मिरान किती नशीबवान!"

 "नाही हो," हेवॉन म्हणाली. "मी तिला न विचारता केलं. फोटोही न विचारता टाकले. तिला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तुम्हालासुद्धा."

 पेक बाई हळूच म्हणाल्या, "बरं. मग मला काही माहीत नाही, असंच धरून चालते. तिला म्हणावं, खांदा बरा झाला की ये."

हेवॉननं फोन खाली ठेवला. पलंगावरून आवाज आला, "पेक होती का?"

"हो."

"काय म्हणाली?"

हेवॉननं सांगितलं.  मिरानचे खांदे हलायला लागले. हेवॉनला वाटलं रडतेय, पण ती हसत होती, आणि मग खरंच रडायला लागली. हेवॉन उठली, पण जवळ जायची हिंमत झाली नाही. खोलीच्या मधोमध तशीच उभी राहिली.

"तो आरसा काढ," मिरान म्हणाली. "आत्ता."

हेवॉननं आरसा काढून दाराबाहेर ठेवला; रात्री तो तिनं आपल्या घरी नेऊन कपाटामागे उलटा ठेवला. त्याच वेळी ती दिवाही न्यायला निघाली, तेव्हा मिरान म्हणाली, "दिवा राहू दे. स्टूलही राहू दे. बसायला बरं आहे." मग जरा थांबून म्हणाली, "टेबलाचं मात्र मला वाईट वाटलं हं. ते तू परत आणू शकत नाहीस, आणि मीही तुला काही म्हणणार नाही. पण वाटलं."

हेवॉननं हातातला दिवा पुन्हा जागेवर ठेवला.

थंडी संपेपर्यंत डोस संपले. हेवॉन दर रविवारी यायची, भांडी घासायची, जिनसेंगची खोकी शेजाऱ्यांना वाटायची. आपल्या पानावर तिनं त्यानंतर काही टाकलं नाही. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "इथे कुठला रंग चांगला दिसेल?" तर ती आधी विचारायची, "तिथे कोण बसतं?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायची. मालकाला वाटलं, पोरगी मंदावली.

वसंतात मिरानच्या डोक्यावर नव्या केसांची मऊ लव आली. एका रविवारी ती आपणहून म्हणाली, "चल, बाजारात जाऊ. आरसा घ्यायचाय."

जुन्या सामानाच्या दुकानात ती एकेक आरसा हातात घेऊन पालथा करून बघत होती, चेहरा दिसणार नाही असा. निळ्या चौकटीचा एक फार सुंदर होता. पिस्त्याच्या कमानीवर तो कसा दिसला असता, हे हेवॉनला लख्ख दिसत होतं. ती तोंड मिटून उभी राहिली. मिराननं तपकिरी लाकडाचा, हातभर उंचीचा, अगदी साधा आरसा उचलला.

"कसा आहे?"

"चांगला आहे."

"तुला नाही आवडला."

"नाही आवडला," हेवॉन म्हणाली. "पण चांगला आहे."

मिरान तोंडातल्या तोंडात हसली.

घरी आल्यावर देसॉकनं तो खिळ्याला लावला. मिरान खोलीच्या दाराशी उभी राहिली आणि वळून म्हणाली, "तुम्ही दोघं बाहेरच थांबा."

दार बंद झालं. हेवॉन स्वयंपाकघरात जाऊन बसली. देसॉकनं तिच्यापुढे नाशपाती आणि सुरी ठेवली. ती सोलायला लागली. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग काहीच आवाज आला नाही. ती कितीतरी वेळ सोलत राहिली, फोडी ताटलीत मावेनाशा झाल्या. देसॉक ओट्याला टेकून दाराकडे बघत होता.

मिरान बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि भुवयांच्या जागी पेन्सिलनं काढलेल्या दोन रेघा होत्या, एक थोडी वर गेलेली. तिनं एक फोड उचलली, खाल्ली, आणि ताटली हेवॉनकडे सरकवली.

"तू पण घे," ती म्हणाली.