वडिलांच्या नावाचा रकाना

"पायगोंडा तवनाप्पा पाटील," कारकुनाने दुसऱ्यांदा पुकारलं, तरी पायगोंडा बाकावर बसूनच राहिला. आपल्याच गावचा आणखी कोणी तरी उभा राहिलाय, याचं त्याला क्षणभर नवल वाटलं. शेजारच्या जोतीरामने त्याला कोपराने ढोसलं.

"अण्णा, तुमास्नीच बोलावत्यात जणू."

सेहेचाळीस साल होतं. मुंबईच्या कायदेमंडळाची निवडणूक लागली होती आणि साताऱ्याच्या कचेरीत उमेदवारी अर्जांची छाननी चालली होती. टेबलामागे बसलेल्या प्रांतसाहेबांपुढे दोन कागद होते. अर्जावर पायगोंडा जिनगोंडा पाटील, मौजे आरळगाव, तालुका तासगाव, असं लिहिलेलं होतं. मतदारयादीत त्याच गावचा पायगोंडा तवनाप्पा पाटील होता. जिनगोंडाचा पायगोंडा यादीत कुठेच नव्हता, आणि यादीत नाव नसलेल्या माणसाला निवडणुकीला उभं राहता येत नव्हतं.

पायगोंडाने सांगितलं की दोन्ही नावं त्याचीच. जन्म तवनाप्पाच्या घरचा. नवव्या वर्षी भावकीतल्या जिनगोंडाच्या विधवेने त्याला दत्तक घेतलं. सदतीस सालच्या यादीत बापाचं नाव जिनगोंडाच होतं आणि त्याच नावाने तो निवडून आला होता. गावात नवा तलाठी आलाय, त्याने एखाद्या जुन्या वहीतून उतरवून घेतलं असणार.

समोरच्या उमेदवाराचा वकील उठला. तो उमेदवार एका सरदाराचा माणूस होता आणि पायगोंडाखेरीज त्याच्या विरोधात कोणी नव्हतं. वकिलाच्या मागच्या बाकावर धनपाल बसला होता. धनपाल जिनगोंडाचा सख्खा पुतण्या. दत्तविधान झालंच नाही, जिनगोंडाचं घर-जमीन आपल्यालाच मिळायला हवं, असा त्याने लावलेला दावा आठ वर्षं कोर्टात पडून होता. वकिलाने आवाज न चढवता मुद्दा मांडला. यादीतल्या माणसाला मताचा हक्क मिळालाय तो तवनाप्पाच्या जमिनीच्या खात्यावर. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मदात्याच्या खात्यावर हक्क राहत नाही. तेव्हा हे गृहस्थ दत्तक असतील तर ही नोंद त्यांची नाही, आणि नोंद त्यांची असेल तर ते दत्तक नाहीत. दोन्हींतलं एक काय ते त्यांनी सांगावं.

प्रांतसाहेबांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा दोन्ही कागद वाचले.

"मुद्दा बरोबर आहे, पाटील. यादीतला तवनाप्पांचा मुलगा तुम्हीच, दत्तविधान झालेलं नाही, असं सहीनिशी दिलंत तर अर्ज मंजूर करीन. नाहीतर बाद करावा लागेल. परवा अकरापर्यंत वेळ देतो. खरं काय ते तुम्ही जाणता."

पक्षाच्या वकिलाने बाहेर ओसरीवर येऊन दुसरी वाट नसल्याचं सांगितलं. नवा अर्ज भरायची तारीख टळून गेली होती. पायगोंडा बाद झाला तर सरदाराचा माणूस बिनविरोध जाणार. कोर्टातलं नंतर बघू, निस्तरू काहीतरी, असं तो म्हणाला. पण काय निस्तरणार ते त्याने सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत जोतीराम समोर बसला होता. पायगोंडाच्या सदतीसच्या निवडणुकीत गावोगाव पायपीट केलेला हा माणूस. कराड मागे पडल्यावर त्याला राहवलं नाही.

"यादी लागली तवा मीच चावडीत जाऊन बघून आलो की. पायगोंडा वाचलं, पाटील वाचलं. बापाचं कशाला बघू? ते काय बदलतं व्हय?"

आपण काय बोललो ते ध्यानात येताच तो खिडकीकडे वळून बसला.

पायगोंडा काही मोठा आमदार नव्हता. सदतीस ते एकोणचाळीस तो मागच्या बाकावर बसला आणि त्या काळात त्याने दोन प्रश्न विचारले. एक गावच्या शाळेच्या छपराचा. दुसरा, आरळगावच्या उताराला कृष्णेवर चालणारी नाव फुटकी आहे हे सरकारला माहीत आहे काय. माहिती मागवली आहे, असं उत्तर आलं. माहिती यायच्या आत मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, पाठोपाठ पायगोंडा दोनदा तुरुंगात जाऊन आला, आणि नाव अजून तशीच पाणी धरत होती. तिकीट मिळालं तेव्हा त्याने नावेचं कारण सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. पण तुरुंगातही वॉर्डर त्याला आमदार म्हणून हाक मारायचा, आणि ती हाक आली की पाठ आपोआप ताठ व्हायची, हेही तितकंच खरं होतं. ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. आता डब्यात बसल्या बसल्या त्याला एकच दिसत होतं. वेशीवर माणसं नुसतं पाटील म्हणतील, आणि पुढे काय बोलायचं ते त्यांना सुचणार नाही.

भिलवडी स्टेशनला उतरून ते चालत गावात आले तेव्हा दिवस कासराभर वर होता. अव्वा सोप्यात बसून तूर निवडत होती. जिनगोंडाची विधवा, पायगोंडाला दत्तक घेणारी ती हीच. गुणमालाबाई तिचं नाव, पण सगळं गाव तिला अव्वाच म्हणायचं. सत्तरी उलटली होती. एकदा बांधाच्या भांडणात तिला साक्षीला बोलावलं, तेव्हा बांध आपल्याच गड्याने कोरला असं ती पंचांपुढे सांगून मोकळी झाली होती. तेव्हापासून तिला साक्षीला बोलवायला दोन्ही बाजू कचरायच्या.

"आलास व्हय? आदी जेव. दिवस बुडंल," ती म्हणाली.

सूर्य मावळल्यावर या घरात कोणी जेवत नसे. तो जेवायला बसला आणि ती नेहमीसारखी समोर पाटावर बसली. त्याने घास घेत घेत सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबलं तर पुन्हा सुरू करता येणार नाही अशी त्याला भीती होती. ती ऐकत राहिली.

"आन् न्हाई लिवलं तर?"

"अर्ज बाद. त्यो सरदाराचा मानूस बसल्या जागी निवडून येतोय."

"तुला जायाचं हाय का ममईला?"

पक्षाचं सांगावं, नावेचं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. तिच्यापुढे ते जिभेवर येईना.

"व्हय," तो म्हणाला.

अव्वाने त्याच्या ताटात भाकरीचा चतकोर वाढला.

"त्यो कागद सरकारात ऱ्हातो का?"

"ऱ्हातो."

"फाडून टाकत न्हाईत?"

"न्हाई."

"मग लिव."

"धनपाल त्यो कागद कोर्टात दावंल, अव्वा. वकील म्हनतोय, त्येचं काय तरी..."

"वकील काय म्हनतो ते मी इचारलं का? लिव म्हनलं न्हवं?"

पायगोंडाला एकदम हायसं वाटलं. इतक्या लवकर हायसं वाटलं याची त्याला शरमही वाटली, पण ती त्याने भाकरीबरोबर गिळली. म्हातारीला कोर्टकचेरीचं काय कळतंय, आपल्यावर माया आहे म्हणून म्हणाली, अशी त्याने मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो आणि जोतीराम पुन्हा साताऱ्याला निघाले.

चार ओळींचा मजकूर होता. कारकुनाने तो वळणदार अक्षरात लिहून ठेवला होता. पायगोंडाने टाक बुडवला आणि सवयीने 'पा. जि. पाटील' अशी सही केली. वीस वर्षं तो तशीच करत आला होता. कारकुनाने मान वाकडी करून ती वाचली.

"जि नव्हे, पाटीलसाहेब."

मजकूर दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहावा लागला. ते होईपर्यंत पायगोंडा टेबलापुढे उभा होता. कपाळावर घाम आला होता आणि तो पुसला तर सगळ्यांना दिसेल म्हणून त्याने पुसला नाही. या वेळी त्याने एकेक अक्षर सुटं काढलं. पा. त. पाटील. प्रांतसाहेबांनी अर्ज मंजूर केला. शाई वाळायच्या आत धनपालने कागदाची नक्कल मागितली.

मार्चात पायगोंडा निवडून आला. पुढच्या उन्हाळ्यात आरळगावच्या उताराला सागवानाची नवी नाव आली आणि गावाने ती हार घालून पाण्यात सोडली. हे सगळं अजून व्हायचं होतं.

सही करून तो गावात परतला त्या दिवशी ऊन अजून भिंतीवर होतं. जोतीराम वेशीतूनच आपल्या घराकडे वळला होता. सोप्यात अव्वाचं गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं. शेजारी तिची घोंगडी घडी करून ठेवली होती. अव्वा आतून आली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "या. बसा. पानी आनते."

ती जोतीरामला म्हणतेय असं वाटून पायगोंडाने मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं.

तिने तांब्या आणून पाय धुवायला पाणी ठेवलं. हे कशाला बांधलंय, असं त्याने गाठोड्याकडे बघत विचारलं. जैन बस्तीच्या आवारातली खोली पुजाऱ्याने झाडून दिलीय, आजपासून तिथे राहणार, असं ती म्हणाली. घराच्या किल्ल्या आज पहाटे तो साताऱ्याला निघाल्यावर धनपालच्या घरी पोचवल्या होत्या.

"मला वारस न्हाई. मग हाय ते त्यांचंच."

"अव्वा, ते नुस्तं कागदावर हाय. अर्जापुरतं."

"सही तुमचीच हाय न्हवं?"

त्याने दोन्ही हातांनी उपरणं गळ्याभोवती सारखं केलं.

"व्हय."

"मग झालं की." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला पाय धरता आले असते. "तवनाप्पाचं पोर माज्या दारातनं उपाशी जायाला नगं. जेवून जावा. दिवस हाय अजून."

ती आत गेली आणि तिने ताट वाढून आणलं. भाकरी, आमटी, वर तुपाची धार. ताटाभोवती तिने पाणी फिरवलं, पाहुण्याच्या ताटाभोवती फिरवतात तसं. पाट मात्र एकच मांडला होता. पायगोंडा बसला. त्याने घास मोडला आणि तो घशाखाली उतरवला. अव्वा समोर बसली नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीशी, दाराआड निम्मी होऊन ती उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने भुवयांपर्यंत पुढे ओढून घेतला, आणि जमिनीकडे बघत, परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, आणखी काही वाढू का.