फाटकावरची झडती

बाळांनो, डोळे मिटा आणि गुलबर्ग्याच्या एका डाळमिलच्या फाटकात माझ्याबरोबर उभे राहा. साल दोन हजार सात. सुट्टीचा भोंगा नुकताच वाजलाय. तूरडाळ निवडणाऱ्या बायका पिवळ्या धुळीने माखून रांगेत उभ्या आहेत. शिवगंगा नावाची बाई एकेकीच्या अंगावरून हात फिरवते आहे. आधी कंबर, मग ओटी, मग छाती. मिलमालक ईरण्णांना बायकांच्या छातीची फार काळजी होती. पोलक्यातून मूठभर डाळ गेली तर मिल बुडेल, असं त्यांना वाटत असावं.

चांगुणाबाईपाशी शिवगंगेचा हात थांबला.

"काय गं हे? काढ."

"डाळ न्हाई अक्का. गाठ हाय."

"कवापासून?"

"दिवाळीपासून. दुखत न्हाई, म्हणून तर रोज कामाला यायलेय."

मुकादम गुंडेराव खुर्चीतूनच ओरडला, "लय शानी हाय ती! पोत्याआड नेऊन बघ."

शिवगंगेने नेऊन बघितलं. परत आली ती खाली मान घालून. "डाळ न्हाई," एवढंच म्हणाली. गुंडेरावाने माफी मागितली नाही. अशी माणसं माफी मागत नाहीत. "जाऊ दे तिला" म्हणतात आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करतात.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मिलमध्ये महिला आरोग्य शिबिर होतं. मांडव, गुलाबी फिती, फोटोवाला. "मिलमधली प्रत्येक बाई मला बहिणीसारखी आहे," असं ईरण्णा माईकवर म्हणाले. रोज संध्याकाळी बहिणींची झडती घ्यायला लावणारा हा भाऊ! टाळ्यांसाठी डाळ निवडणाऱ्या बायका आणून सतरंजीवर बसवल्या होत्या. सकाळची शाळा सुटल्यावर चांगुणाबाईची चौथीतली ज्योत्स्नाही आईशेजारी येऊन बसली होती.

मग डॉक्टरीणबाई बोलल्या. "छातीत गाठ लागली तर ती दुखत नसली तरी लगेच दाखवा. लवकर कळलं तर बरं होण्याची आशा जास्त असते."

चांगुणाबाईचे टाळी वाजवणारे हात मांडीवर पडले.

डॉक्टरीणबाई ऑफिसातल्या पडद्याआड गेल्या आणि गुंडेराव उठला. "चला, कामाला लागा."

"मुकादम, माझी गाठ दाखवायची हाय बाईला."

"तपासणी ऑफिसवाल्यांची हाय. तू रोजंदारीवरची."

"रोजंदारीवालीला छाती नसती व्हय?" मागून कुणीतरी बोललं. बायका पदरात हसल्या.

"ज्यादा बोलणारीनं उद्यापासून येऊ नये," गुंडेराव म्हणाला. हसू थांबलं.

ऑफिसबाहेरच्या खुर्च्यांवर कोण बसलं होतं, माहीत आहे? एक टायपिस्ट. बाकी सगळ्या मालकिणीच्या भिशीतल्या मैत्रिणी. मिलमध्ये त्यांनी कधी डाळीचा दाणा उचलला नव्हता, पण सरबताचे पेले मात्र सराईतपणे उचलत होत्या.

चांगुणाबाई डाळीच्या ढिगापाशी जाऊन बसली.

"आई, त्या बाई तर सगळ्यांना म्हणाल्या."

"म्हणाल्या. आपल्याला न्हाई, बाळा."

"कामून?"

चांगुणाबाईने सूप हातात घेतलं आणि डाळ पाखडायला लागली. उत्तर द्यायचं होतं गुंडेरावाने, पण त्याच्यापाशी फक्त आवाज होता.

ज्योत्स्नाने दप्तर उचललं, ऑफिसकडे गेली आणि रांगेतल्या शेवटच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. शेजारच्या बाईने आपली पर्स पलीकडे सरकवली.

"ए पोरी, इथं काय करायलीस?" गुंडेराव धावत आला.

"आईचा नंबर धरलाय."

"तुझी आई रांगेत न्हाई!"

"मी हाय की."

भिशीवाल्या हसल्या. तेवढ्यात पडदा हलला, पहिली बाई आत गेली आणि रांग एकेक खुर्ची पुढे सरकली.

"ऊठ म्हणतो ना!"

ज्योत्स्ना उठली. दप्तर छातीशी धरलं आणि पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली.