तिरकं बसलेलं भिंग

ओर्फेलिनाला सकाळी सकाळीच पुन्हा हुडहुडी भरली. दोन चादरी, त्यावर नवऱ्याचं जाकीट, तरी तिचे दात वाजत होते आणि आरोग्यकेंद्रातला झुला तिच्या थरथरीने हलत होता. सातवा महिना चालू होता. आमच्या सान होरासियो गावच्या शाळेत ती मुलांचा स्वयंपाक करायची. ती आजारी पडल्यापासून तिची सासू एर्मेलिंदा, जिला सगळे मानाने दोन्या म्हणतात, पातेली सांभाळत होती आणि चापोला, म्हणजे उकडलेल्या केळ्यांच्या घट्ट पेयाला, चव नाही म्हणून पोरं कुरकुरत होती.

मलेरिया आहे हे ओळखायला आमच्या नदीकाठी कुणाला शिकावं लागत नाही. प्रश्न होता कुठला. साध्या मलेरियाच्या गोळ्या विल्देरच्या कपाटात होत्या. विल्देर आवानारी आमचा आरोग्यसेवक. लोक त्याला डॉक्टर म्हणतात आणि तो दर वेळी "नाही हो" म्हणतो. पण दुसरा, जिवावर उठणारा प्रकार असेल तर त्या गोळ्या कुचकामी. त्याचं औषध नाउताच्या दवाखान्यातच मिळणार. नाउताची लाँच दुपारच्या आत येऊन जाणार होती आणि त्यानंतर आठवडाभर काही नाही. झटपट तपासणीच्या पट्ट्या संपलेल्या. केंद्राच्या मायक्रोस्कोपची भिंगं ओलीने बुरसटलेली.

"मग देऊ पाठवून," ओर्फेलिनाचा नवरा सेगुंदो म्हणाला. "उगाच वाट कशाला बघायची?"

"हो, पाठव!" दोन्या एर्मेलिंदा कडाडली. "मागचं लेकरू लाँचवरच गेलं तिचं. पोत्यांवर निजवून नेलीस, ऊन डोक्यावर. आता याचीही वाट लाव."

ते खरं होतं.

विल्देरने ओर्फेलिनाच्या बोटातून थेंबभर रक्त काढून काचपट्टीवर पसरलं, जांभळ्या रंगात बुडवून वाळवलं आणि शाळेत निरोप धाडला. विज्ञान शिकवणाऱ्या नेलिदाबाई मुलांचा मायक्रोस्कोप छातीशी धरून चिखलातून स्वतः आल्या.

दिवा लागला. विल्देरने डोळा लावला आणि लगेच काढला.

"बाई, अर्धं काळंच दिसतंय. चंद्राची कोर दिसावी तसं. आणि मोठं भिंग फिरवलं की सगळंच गायब."

"बघू." बाईंनी पाहिलं. उजेड एका कडेला ढकलल्यासारखा होता.

विल्देरने पेचकस उचलला. "हे दोन स्क्रू सैल करतो, तेही काढतो..."

"थांब! सगळं एकदम खोललंस तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. एकेक बघायचं."

"बाई, लाँच थांबणार नाही."

"म्हणूनच म्हणतेय."

त्यांनी डोळ्याजवळचं भिंग नळीतच गोल फिरवलं. काळी सावली जागची हलली नाही. म्हणजे दोष तिथला नव्हता. मग ते भिंग उपसून बाजूला ठेवलं आणि उघड्या नळीत डोकावल्या. खालचं उजेडाचं छिद्र बारीक केलं. प्रकाशाचा ठिपका नळीच्या मधोमध दिसायला हवा होता, तो भिंतीला चिकटला होता.

"काचपट्टीच्या खालचं भिंग वाकडं आहे. मुलांनी साफसफाईत काढलं असणार आणि तसंच दाबून बसवलं."

झुल्यातून ओर्फेलिना कण्हली. "आई, पाणी." दोन्याने चमच्याने पाणी पाजलं, पण ते लगेच उलटलं. सेगुंदो दारात जाऊन नदीकडे बघून आला.

बाईंनी पेच सैल केला, भिंग कड्यातून काढलं, कडं पुसलं आणि पुन्हा सरळ उतरवलं. नळीत बघत बघत पेच आवळला. ठिपका सरकत सरकत मध्ये आला. लहान भिंगाखाली आता सगळं वर्तुळ उजळलं.

"दिसलं!" विल्देर ओरडला. त्याने काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकला आणि सगळ्यात मोठं भिंग फिरवून आणलं. चेहरा पडला. "अर्धं स्पष्ट, अर्धं धुकं. आणि जे मध्ये होतं ते पळून गेलं."

बाईंनी भिंगाला बाजूने न्याहाळलं. बाकीची भिंगं सरळ खाली रोखलेली, हे जरासं कलंडलेलं. आटे एकमेकांत नीट बसले नव्हते. हाताने फिरवलं तर हलेना. घामाने बोटं घसरत होती.

"पक्कड आणू?" सेगुंदोने विचारलं.

"पक्कड लावलीस तर काच फुटेल आणि मग बसा बोंबलत," दोन्या म्हणाली.

विल्देरने रक्त काढताना दंडाला बांधायची रबरी नळी भिंगाला गुंडाळली. बाईंनी मायक्रोस्कोप घट्ट धरला. खाली टॉवेलची घडी. त्याने दातओठ खात पीळ दिला. काही नाही. पुन्हा. करकर आवाज आला. भिंग सुटलं होतं, काच शाबूत होती. बाईंनी ते आधी उलटं फिरवून आट्यांची सुरुवात बोटांना लागू दिली, मग अलगद बसवत नेलं. या वेळी ते लोण्यासारखं गेलं.

त्याच वेळी वळणापलीकडून भोंगा ऐकू आला.

"विल्देर, बघ."

तो बघू लागला. डाव्या हाताने काचपट्टी केसभर केसभर सरकवत होता. सेगुंदो काही बोलणार तोच बाईंनी त्याला हाताने थोपवलं.

"अंगठ्या दिसतायत बारीक बारीक," विल्देर पुटपुटला. "एकेका पेशीत दोन दोन." मग तो थबकला. "बाई, हे बघा जरा. मला वाटतंय ते खरं आहे का सांगा."

बाईंनी बघितलं. जांभळट पेशींमध्ये एक वाकडी आकृती होती, केळ्यासारखी. त्यांनी होकाराची मान हलवली.

विल्देर सरळ झाला. "वाईटातलाच आहे. माझ्या गोळ्यांनी जाणार नाही. इथे ठेवली तर दोघंही जातील, दोन्या. खोटं सांगत नाही."

दोन्या एर्मेलिंदा त्या यंत्राकडे, मग सुनेकडे बघत राहिली.

"मग उभे काय राहिलात ठोंब्यांसारखे?" ती एकदम ओरडली. "सेगुंदो, खाटेवरची गादी घे. पोत्यांवर नाही निजायची ती. आणि छत्री घे. मी येते बरोबर."

लाँच तोवर धक्क्याशी लागून निघालीही होती. नेलिदाबाई चपला हातात घेऊन काठाने धावल्या, पांढरी चादर हलवत, गळा फाटेस्तोवर हाका मारत. लाँचवाल्याने शिव्या घातल्या, पण लाँच परत वळवली. झुल्यासकट ओर्फेलिनाला वर चढवलं. विल्देरने काचपट्टी कागदात गुंडाळून सेगुंदोच्या खिशात घातली. "दवाखान्यात पोचल्या पोचल्या ही दाखव. आधी ही, मग बाकीचं बोल."

नाउताला पोचेपर्यंत ओर्फेलिना बरळायला लागली होती. तिथे शिरेतून औषध सुरू झालं. दोन दिवस दोन्या खुर्चीवरून उठली नाही. तिसऱ्या दिवशी ओर्फेलिनाने डोळे उघडून विचारलं, "शाळेत पोरांना कोण वाढतंय?" तेव्हा म्हातारी रडली.

बाळ नऊ महिने भरायच्या आधीच झालं, मूठभर. पण जन्मताच रडलं. मुलगी आहे.

इकडे विल्देरने गावातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, आणि नदीच्या वरच्या अंगाच्या दोन घरांत तोच आजार वेळेत सापडला. मायक्रोस्कोप अजून त्याच्याकडेच आहे. मुलं विचारतात, बाई, आपलं प्रात्यक्षिक कधी? बाई म्हणतात, केंद्रात जा आणि विल्देरच्या मागे रांग लावा.