दूध यादीत नव्हतं

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो, तळहाताएवढा. माझी मालकीण गेल्याचं घरात कळलं, तेव्हा मी फ्रिजवर गोळ्यांच्या डब्याशेजारी पडून होतो. सकाळचे साडेदहा वाजले होते. मालक दवाखान्यातून तिचे धुतलेले कपडे न्यायला घरी आले होते. फोन वाजला. ते 'हो' म्हणाले, थोड्या वेळाने पुन्हा 'हो' म्हणाले आणि फोन ठेवला. पिशवीत भरलेले कपडे त्यांनी बाहेर काढले, नीट घड्या करून कपाटात परत ठेवले. गॅस बंद आहे का ते दोनदा पाहिलं. मग कुलूप लावून गेले.

तीन आठवड्यांनी दुसरा फोन आला. तो मालकांच्या जुन्या गावातल्या धुलाई कारखान्याच्या साहेबांचा होता. मालक तिथे बॉयलर सांभाळायचे. साहेब मोठ्याने बोलतात, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मिस्त्री, बॉयलर तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही बघा. परत या. पगार तिथल्यापेक्षा बारा हजार कमी पडेल, पण घरभाडंही निम्मं आहे. महिनाअखेरीस हो की नाही ते सांगा."

त्या दिवशी मालकांनी मला फ्रिजवरून खाली काढलं. जावं की राहावं, एवढंच त्यांना ठरवायचं आहे. ते अजून का ठरत नाही, हे कळायला माझी सगळी हकिकत ऐकावी लागेल.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. पट्ट्यासमोर बायका हातमोजे घालून बसल्या होत्या. एकीने माझी बटणं बसवली. दुसरीने चाचणी म्हणून आठला आठने गुणलं, चौसष्ट आलेले पाहिले आणि मला खोक्यात घातलं. पुढे एका वह्या-पेनांच्या दुकानात मालकिणीने मला हातात घेतलं. दुकानदार म्हणाला, "ताई, वर्षाची गॅरंटी आहे."

"आणि वर्षानंतर दोन आणि दोन पाच सांगणार का हा?"

दुकानदार हसला आणि त्याने किंमत थोडी कमी केली.

तेव्हा आम्ही जुन्या गावातच राहायचो. मालकीण घरी शिलाई करायची. पडदे, शाळेचे गणवेश, उसवलेली पँट, जे येईल ते. मी मशीनच्या उजव्या हाताला असायचो. खडूची पूड माझ्या बटणांत जायची, ती जुन्या दात घासायच्या ब्रशने मला साफ करायची. शाळा उघडायच्या आधी महिनाभर मला उसंत नसे. किती मुलं, किती मीटर, किती उरलं. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की ती मला त्याच्यापुढे सरकवायची. "याच्याशी बोला." माझ्याशी कोणी वाद घातला नाही. ते माझे चांगले दिवस होते.

या घरात एक नियम होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी मालक म्हणाले होते, "तुझ्या शिलाईच्या पैशाला मी हात लावणार नाही. घर माझ्या पगारावर चालेल." त्यांनी तो शब्द पाळला. ती किती कमावते, हे त्यांनी कधी विचारलंसुद्धा नाही. चारचौघांत ते हे अभिमानाने सांगायचे. ती मान खाली घालून टाका घालत राहायची.

मग मोठ्या शहरातल्या एका हॉटेलच्या धुलाईखान्याचं पत्र आलं. इथे बावीस हजार होते, तिथे छत्तीस मिळणार होते. मालकांनी कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'इथे' लिहिलं, उजवीकडे 'तिथे'. ते भाडं, किराणा, मुलीची शाळा, वीज आणि किरकोळ खर्च सांगत गेले, ती माझी बटणं दाबत गेली.

"अहो, बसला किती धरू?"

"दीड हजार धर."

"पायी नाही का जाता येणार? इथे जाता तसं."

"अगं, पायी निघालो तर पोचेपर्यंत पाळी सुटलेली असेल."

इथे महिन्याला साडेचार हजार उरत होते. तिथे सात हजार उरणार होते. मालकांनी पुन्हा करायला लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

"बघ. यंत्र खोटं बोलतं का?"

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो. पण त्या यादीत दूध नव्हतं. दूध ती शिलाईतून आणायची, त्यामुळे मालकांच्या लेखी दुधाला पैसेच पडत नव्हते. मुलीचे बूट नव्हते, पाहुण्यांचं चहापाणी नव्हतं, तिची स्वतःची रक्तदाबाची गोळी नव्हती. तिने यादी वाचली. तिच्या हे लक्षात आलं की नाही, मला सांगता येत नाही. तिने एवढंच विचारलं, "माझी शिलाई तिथे चालेल ना?"

"तुला आता शिवायची गरजच पडणार नाही," मालक म्हणाले. ते प्रेमानेच म्हणाले होते.

नवं घर चौथ्या मजल्यावर होतं. खालच्या बाईंना मशीनच्या आवाजाने त्रास व्हायचा, म्हणून ती दुपारी दोनच तास शिवायची. तसंही शिवायला फार काही नव्हतं. लोक तयार कपडे घ्यायचे आणि फाटले की टाकून द्यायचे. कधी एखादी चेन बदलायला यायची. पहिल्या महिन्याच्या अखेरीस तिने मालकांपुढे एक बिल ठेवलं.

"हे काय?"

"दुधाचं."

"दूध एवढं कधीपासून लागायला लागलं?"

"पहिल्यापासूनच."

मालकांनी बिल दिलं आणि विषय संपला. बाकीचं तिने मागितलं नाही. शिलाईतून व्हायच्या त्या गोष्टी तिच्याच होत्या, असा नियम होता आणि तो तिनेही पाळला. मी आता मशीनजवळून फ्रिजवर गेलो. ब्रश कोणी फिरवत नव्हतं. वर्षं अशीच गेली. मुलगी शिकली, नोकरी लागून दुसऱ्या गावी गेली. कामच नसल्यामुळे जे थोडंफार काम पडलं ते मला पक्कं आठवतं. एका दुपारी मालकिणीने गोळ्यांचं पाकीट समोर ठेवलं आणि माझी बटणं दाबली. तीस भागिले दोन. मी पंधरा सांगितलं. उत्तर बरोबर होतं.

डॉक्टरांनी दवाखान्यात मालकांना विचारलं होतं, गोळ्या नियमित घेत होत्या का? मालक म्हणाले होते, हो. हे त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

साहेबांच्या फोननंतर मालकांनी मला चालू करून पाहिलं, तर माझे आकडे पुसट दिसत होते. त्यांनी मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि सेल आणायला निघाले. उरलेल्या गोळ्या परत कराव्यात म्हणून वाटेत औषधाच्या दुकानात थांबले.

"काका, ही औषधं परत घेता येत नाहीत," दुकानदार म्हणाला. मग पाकीट त्यांच्याकडे सरकवत म्हणाला, "काकू एक पाकीट दोन महिने पुरवायच्या. मी दोनदा टोकलं त्यांना."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, डॉक्टरांनीच निम्मी केली आहे."

मालकांनी मान हलवली. गोळ्या खिशात ठेवल्या आणि शेजारच्या दुकानातून माझा सेल घेतला. घरी येऊन तो बसवला. मग त्यांनी कागद घेतला, मधोमध रेघ मारली, आणि ते आत्ताचा नाही, तेव्हाचा हिशेब मांडायला बसले. सगळ्या ओळी तशाच लिहिल्या. खाली दूध लिहिलं, बूट लिहिले, पाहुणे लिहिले, गोळी लिहिली. पगाराच्या खाली 'शिलाई' लिहिलं आणि मुलीला फोन लावला.

"आई तिकडे महिन्याला किती कमवायची गं?"

"मला काय माहीत बाबा? तुम्हाला माहीत असेल ना."

"मी कधी विचारलं नाही. तो तिचा पैसा होता."

"पण आता कशाला हवंय? साहेबांना काय सांगितलं तुम्ही?"

"तेव्हाचं आधी पुरं करतो. मग आत्ताचं बघतो."

मुलगी 'बरं' म्हणाली. मालकांनी फोन ठेवला आणि कागद पुन्हा पुढे ओढला.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. माझं पाचचं बटण अडकतं, काच खरवडली आहे. मला जपा असं मी म्हणणार नाही, सेल मिळतोय तोवर मी चालेन. तुम्ही कधी एका गावाहून दुसऱ्या गावी जायचं ठरवाल, इथे किती आणि तिथे किती ते मला विचाराल, तेव्हा आधी घरातल्या प्रत्येकाला विचारा की तू काय आणतोस आणि कशातून आणतोस. ज्याने ते कधी सांगितलं नसेल, त्याला दोनदा विचारा. मला जे सांगाल त्याचीच बेरीज मी करतो.

महिना संपायला चार दिवस आहेत. 'शिलाई'पुढे आकडा लिहायचा राहिला आहे, आणि साहेबांना हो की नाही ते सांगायचं राहिलं आहे.