दोघींची काचपट्टी

तळघर रिकामं करायचा हुकूम आला, तेव्हा विभागातल्या सगळ्यांनी तोंडं फिरवली. तपासणी प्रयोगशाळा नव्या इमारतीत जाणार होती आणि खाली तेहतीस वर्षांचे मेणाचे ठोकळे धूळ खात पडले होते. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा तपासायचा, तर आधी तो मेणात बसवतात, मग त्याची पातळ चकती कापून काचपट्टीवर रंगवतात. चकती डॉक्टर बघतात, उरलेला ठोकळा नंबर टाकून कपाटात जातो. वीस वर्षं झाली की ठोकळे जाळून टाकायचे, असा नियम. पण नियम कागदावर राहिला होता. शेवटी ते काम तंत्रज्ञबाईच्या गळ्यात पडलं. बारा वर्षं ती तिथं चकत्या कापत होती, आणि नाही म्हणायला तिला कधीच जमलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हाती तिच्या जन्मसालाची नोंदवही आली. ती याच रुग्णालयात जन्मली होती आणि तिची आई दुसऱ्या दिवशी इथंच गेली होती. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला नि ते दूरच्या शहरी निघून गेले. हिला वाढवलं मावशीनं, कपडे शिवून. आईचे दोन फोटो होते, दोन्हींत ती उन्हामुळे डोळे बारीक करून उभी. आणि मावशीचं एक ठरलेलं वाक्य होतं. "तू झालीस तेव्हा तिची शुद्ध गेली होती गं, चिमे. तिनं तुला बघितलंच नाही." लहानपणी ती पुन्हा पुन्हा विचारायची, या वेळी तरी उत्तर बदलेल म्हणून. मग कधीतरी विचारायचं सोडून दिलं.

बोट ओळीवरून घसरत तारखेशी आलं आणि थांबलं. आईचं नाव. पुढं लिहिलं होतं : वार, दोन ठोकळे.

बाळ झाल्यावर बाहेर पडणारी वार एरवी टाकूनच देतात. पण बाळंतिणीचं काही बिनसलं असेल, तर ती तपासायला पाठवतात. हे तिला ठाऊक होतं, अशा शेकडो वारा तिनं स्वतः कापल्या होत्या. फक्त आपलीही असेल, हे बारा वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

ठोकळे सापडायला दोन तास गेले. एक फुटला होता. दुसरा घेऊन ती थेट विभागप्रमुखांकडं गेली. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, आणि त्या चिडल्या की भिंतीही अंग चोरतात असं म्हणत.

"बाई, हा माझ्या आईचा आहे. जाळायच्या आधी एक चकती कापू का?"

बाईंनी चष्मा वर केला. "परवानगी कशाला मागता? उद्या जाळला असता तर मला कळलंही नसतं."

"मला चोरून नको होतं."

बाईंनी एक कोरा कागद पुढं सरकवला. "नातेवाइकाचा अर्ज लिहा. काचपट्टी तुमची. ठोकळा मात्र नियमानं जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ठोकळा बर्फावर गार केला आणि यंत्रात बसवला. केसाच्या विसाव्या हिश्श्याइतकी पातळ चकती. हात सवयीनं चालायला हवा होता, पण पहिल्या तीन चकत्या फाटल्या. "अगं, नीट बस की," ती पुटपुटली, आणि आपण कुणाला बोललो हे लक्षात आल्यावर तिला क्षणभर थांबावं लागलं. चौथी चकती कोमट पाण्यावर सुरेख पसरली. ती काचेवर उचलून घेतली, वाळवली, रंगवली.

जुन्या फाइलीतून वारेसोबत आलेला तपासणीचा अर्जही तिनं काढून आणला होता. रंग सुकेपर्यंत वाचू म्हणून तिनं तो उघडला. प्रसूतीच्या डॉक्टरांचं घाईचं अक्षर. 'मुलगी, सकाळी सव्वासहा. आई शुद्धीवर. बाळाला अंगावर पाजले. साडेदहाला झटके सुरू.'

तिनं ते पुन्हा वाचलं. सव्वासहा ते साडेदहा. सव्वाचार तास.

संध्याकाळी कामाची वेळ संपल्यावर तिनं मावशीला बोलावून घेतलं. मावशी हातातलं काम टाकून आली, ओढणीला अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. मोठ्या बाईंच्या मायक्रोस्कोपला समोरासमोर दोघांनी बघायची सोय होती. दोघी डोळे लावून बसल्या.

"काय दिसतंय?"

"गुलाबी दिसतंय. जांभळे ठिपके."

"एकेक ठिपका म्हणजे एकेका पेशीचं केंद्रक. हा पट्टा बघ, खालचा. या पेशी तुझ्या बहिणीच्या. आणि ही झाडाच्या फांद्यांसारखी बोटं आहेत ना, ती माझी."

"तुझी? तू तर पोटात होतीस."

"वार माझ्याच पेशींनी बनलेली, मावशी. मीच वाढवलेली. फक्त रुजली तिच्यात. फांद्यांच्या आत माझं रक्त, बाहेर भोवती तिचं."

मावशी बराच वेळ बघत राहिली. शिवणाऱ्या बाईचा डोळा तो. "मग शिवण कुठाय?"

"इथं." तिनं काचपट्टी किंचित सरकवली. "ही बारीक कड. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. पण माझा प्राणवायू, माझं खाणंपिणं, सगळं तिच्याकडून या कडेतून आत यायचं. आणि माझी घाण परत तिच्याकडं जायची."

"म्हणजे पोटात असल्यापासून तू त्रास दिलास," मावशी म्हणाली. हसायला गेली आणि तिचा आवाज चिरकला.

मग तिनं तो अर्ज मावशीपुढं ठेवला.

मावशीनं सावकाश वाचला. घडी घातली. पुन्हा उघडला. "मला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "मी तिथंच होते."

"मग का?"

"तू चार वर्षांची होतीस. तापानं फणफणलेली, माझ्या मांडीवर. आणि बडबडत होतीस, आईला बोलव, आईला बोलव. मी तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, आणि तुला ती हवी होती." मावशीनं ओढणीचा दोरा ओढला. "तू बरी झाल्यावर विचारलंस, आईनं मला पाहिलं होतं का. मी नाही म्हटलं. वाटलं, मग तरी माझी होशील. एकदा म्हटलं ते म्हटलं. नंतर कोणत्या तोंडानं बदलू?"

तिनं अर्ज आपल्याकडं ओढून घेतला. राग यायला हवा होता आणि येतही होता, पण त्याला टेकायला जागा सापडत नव्हती. समोर बसलेल्या बाईची बोटं सुईनं चाळणी झाली होती, आणि ती तिच्यासाठीच झाली होती.

"मी तुला सोडून कुठं जाणार होते गं?" ती शेवटी म्हणाली.

"ते तेव्हा कळायला हवं होतं ना."

दिवे मालवून दोघी बाहेर पडल्या. बसथांब्यावर उजेड होता, ऑफिसं सुटलेली माणसं होती. पहिली बस आली तेव्हा मावशी सांगायला लागली होती, म्हणून ती सोडली. दुसरीही सोडली.

"तुला छातीवर ठेवलं तर तू आधी शिंकलीस. मग तिला शिंक आली. मग नर्सला. खोलीभर हसू. तुझी आई म्हणाली, 'ताई, हिला माझी टोपी घाल, गार लागेल.' बाळाचं डोकं एवढंसं आणि टोपी ही एवढी! नाकापर्यंत उतरली. दूध पिताना तुझ्या कानाची पाळी चिमटीत धरून बसली होती. सोडेचना. मी म्हटलं, अगं, लाल झाली. तर म्हणाली, 'असू दे, खरी आहे ना बघते.'"

"मावशी, तिचा आवाज कसा होता?"

मावशीनं घसा साफ केला. "'खरी आहे ना बघते,'" ती म्हणाली, जरा बारीक आवाजात. मान हलवली. "नाही, असा नाही. थोडा खालचा. थांब." पुन्हा म्हणून पाहिलं. रांगेतला एक माणूस वळून बघू लागला.

"असा?" तिनं विचारलं.

"जवळ जवळ," मावशी म्हणाली, आणि डोळे मिटून ती तिसऱ्यांदा म्हणू लागली.